तिसऱ्या मजल्यावरून आलेली नोटीस

माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कोर्टाच्या आवारात टायपिस्ट म्हणून बसतात. आवारात त्यांना सगळे ‘सदरहू’ म्हणतात. तोंडावर नाही, पण फार लांबूनही नाही. दोन टेबलं सोडून. तीस वर्षं अर्ज, करारनामे आणि नोटिसा बडवून त्या कागदांची भाषा त्यांच्या जिभेवर जी चढून बसली ती आता उतरायला तयार नाही. घरी चहा गार मिळाला तर ते म्हणतात, "सदरहू चहा मुदतीत पोचला नाही." लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात हे ऐकून ताई रडली होती म्हणे. आता तीच म्हणते, "मग सदरहू कप विसळून ठेवा."

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर स्टॅम्पपेपर विकतो. लोक आधी माझ्याकडे येतात, कागद घेतात आणि मग दाजींकडे सरकतात. माझ्या कोऱ्या कागदाला अक्कल दाजी देतात, असं आवारातले वकील म्हणतात. मी हे मनावर घेत नाही, असं मीही सगळ्यांना सांगतो.

दाजींच्या दोन खोडी आहेत. पहिली, त्यांच्या मशीनमधून चुकीचा कागद बाहेर पडत नाही. पानाच्या शेवटच्या ओळीत एक अक्षर चुकलं तरी ते अख्खं पान, मागच्या कार्बनच्या प्रतींसकट, फाडून टोपलीत टाकतात आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतात. गिऱ्हाईक घड्याळ बघत ताटकळतं. दाजी ढिम्म.

दुसरी खोड म्हणजे कलम चौदा. दाजींनी टाइप केलेल्या प्रत्येक भाडेकरारात चौदावं कलम ठरलेलं: घर सोडण्याची नोटीस देण्यासाठी मालकाने स्वतः यावे, भाडेकरूच्या दारात उभे राहावे आणि स्वतःच्या हाताने द्यावी. पोस्टाने नाही, वकिलामार्फत नाही, माणूस पाठवून तर नाहीच नाही. हे कशाला, म्हणून कुणी विचारलं तर दाजी चष्मा पुसतात. "एखाद्याला घराबाहेर काढायचं असेल," ते म्हणतात, "तर निदान त्याचं दार बघून यावं." कुणी हट्टच धरला तर ते कलम काढूनही देतात. पण बहुतेक मालक घाईत असतात आणि घाईतला माणूस तेराव्या कलमापर्यंतच पोचतो.

दाजी स्वतः भाड्याच्या घरात राहतात. दगडी बांधणीचं एक अरुंद घर, तळमजला धरून चार मजले उंच. तळमजल्यावर दाजी-ताई, पहिल्या मजल्यावर दाताचा दवाखाना, दुसऱ्यावर एका दिव्यांच्या दुकानाचं कायम कुलूपबंद गोदाम, आणि तिसऱ्यावर घराच्या मालकीणबाई, एकट्या. दाजींच्या दोन खोल्या आणि मागे चार पावलांचं अंगण. अंगणात नळ आणि ताईच्या कुंड्या. ताई वकिलांच्या फायली शिवून देते. दाभण घेऊन बसली की दोनशे पानांचा गठ्ठा ती उशीसारखा शिवून टाकते. वकिलांचे कारकून दारातून गठ्ठे टाकून जातात आणि दारातूनच घेऊन जातात. त्या घराचा करार मालकीणबाईंच्या यजमानांनी बारा वर्षांपूर्वी केला होता. टाइप अर्थात दाजींनीच केला, आणि चौदावं कलम त्यात होतंच. यजमान पुढे वारले. माणूस इतका भिडस्त की नोटीस न देण्याचं आयतं निमित्त मिळालं म्हणून त्यांना ते कलम आवडलंच असणार.

आता कायद्याचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. लोकांना वाटतं, कराराची मुदत संपली की भाडेकरू पिशवी उचलून चालू लागतो. भाडेनियंत्रणात तसं नसतं. मुदत संपण्याच्या तीन महिने आधी मालकाने नोटीस द्यायला हवी आणि नोटिशीत कायद्याला पटेल असं कारण हवं. कारण लंगडं निघालं किंवा नोटीस तासभर जरी उशिरा आली, तरी करार आहे त्या भाड्यात आणखी बारा वर्षं पुढे सरकतो. दाजींचं भाडं ऐकून आज लोक हसतात. ते घर सुटलं असतं तर त्यांच्या कमाईत बसच्या शेवटच्या थांब्याच्याही पलीकडे एक खोली मिळाली असती, आणि तिथे ताईकडे फायली घेऊन कुठला कारकून जातोय.

नोटीस द्यायची शेवटची तारीख एका शनिवारी येत होती, संध्याकाळी पाचपर्यंत. त्याच्या आधीच्या रविवारी मी ताईकडे गेलो होतो. आम्ही अंगणात बसलो असताना वरून टोपली आली. मालकीणबाई तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली सोडायच्या. त्यातून त्यांचं दूध वर जायचं, पाव वर जायचा, आणि वरून सूचना खाली यायच्या. आज चिठ्ठी होती: मशीन घेऊन वर या.

मशीन मी उचललं. चोपन्न पायऱ्या आहेत. मी मोजल्या, कारण दुसरं काही करण्याइतका दम उरला नव्हता.

मालकीणबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. उजवा पाय स्टुलावर, त्यावर शाल. खोलीभर मलमाचा वास.

"बसा," त्या दाजींना म्हणाल्या. "नोटीस लिहायची आहे."

"कुणाला?" दाजींनी दोन कागदांमध्ये कार्बन सरकवत विचारलं.

"तुम्हाला."

मी मशीन टेबलावर ठेवत होतो तो तसाच धरून उभा राहिलो. दाजींनी कार्बनचा कोपरा सरळ केला आणि विचारलं, "प्रती किती?"

"तुम्हीच सांगा. आमचे हे होते तेव्हा सगळे कागद तुमच्याकडूनच व्हायचे. आता या वयात नवा टायपिस्ट कुठे शोधू? आणि तुमच्याइतकं नीट कोण करतं?"

यावर दाजी खूश झाले. खोटं कशाला सांगू, मला स्पष्ट दिसलं. स्वतःच्या डोक्यावर पडणारा दगड आपणच घडवायचा आणि वर शाबासकीने फुलायचं, हे त्यांनाच जमावं.

"कारण सांगा," दाजी म्हणाले.

"भाडेकरू टाइप करताना गुणगुणतो."

"कायद्यात बसत नाही."

"त्याच्या बायकोच्या कुंड्यांमुळे अंगणात डास होतात."

"ते इथवर येतात?"

"येत नाहीत. पण होतात."

"बसत नाही."

"मागच्या वर्षी ती माझ्याशी फार तुटक बोलली."

"काय बोलली?"

"नमस्कार म्हणाली. फक्त नमस्कार."

दाजींनी मशीनवरचे हात मांडीवर घेतले. मग आवारात अडाणी गिऱ्हाइकाला समजावतात तसं समजावलं की कायदा तीनच कारणं ओळखतो. भाडं थकलंय का? नाही. घराची मोडतोड झालीय? उलट अंगणातला नळ दाजींनीच बदलून घेतला होता. मग राहिलं एकच: मालकाला जागा स्वतःला राहायला हवी.

"मला कशाला हवी?" मालकीणबाई म्हणाल्या. "माझं वर झकास चाललंय. हवा आहे, उजेड आहे, खालच्यासारखी कटकट नाही."

दाजी इकडेतिकडे बघत होते. त्यांना सवयच आहे. गिऱ्हाईक जे सांगत नाही ते ते त्याच्या कपड्यांवर, पिशवीवर शोधतात. दाराजवळ चपला ठेवायची फळी होती.

"सदरहू चपलांवर धूळ आहे," दाजी म्हणाले. "आतून."

खाली ताई कुंड्यांना पाणी घालत होती त्याचा आवाज येत होता.

"मागच्या उन्हाळ्यापासून," मालकीणबाई शेवटी म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, जिने बंद. मी म्हटलं, जिने बंद तर मी काय पंख लावू?"

"मग हे आधी सांगायचं नाही का आम्हाला?" मी बोलून गेलो.

"काय सांगायचं? म्हातारी झाले म्हणून दवंडी पिटू?" त्यांनी शाल गुडघ्यावर ओढून घेतली. "आणि लिहिणार असाल तर कागदावर म्हातारपण नको. मी आधीच सांगते."

दाजींनी क्षणभर छताकडे पाहिलं आणि मग एका दमात टाइप केलं: ‘सदरहू मालकीण यांच्या उजव्या गुडघ्याचे व सदरहू जिन्याचे पटत नसल्याने, तळमजल्यावरील जागा मालकीण यांना स्वतःस राहण्यासाठी हवी आहे.’ त्यांनी वाचून दाखवलं.

"हे बरं आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "दोष जिन्याचाही आहे."

नंतर दाजींनी त्यांना कलम चौदा वाचून दाखवलं, न विचारता. नोटीस शनिवारी पाचच्या आत त्यांनी स्वतः खाली येऊन दारात द्यायला हवी, नाहीतर फुकट. मी दाजींच्या पायाला पायाने ढोसलं. त्यांनी पाय बाजूला घेतला आणि उरलेलं वाचलं.

"येईन की," मालकीणबाई म्हणाल्या. "पाय आहेत मला."

खाली आल्यावर ताईला सगळं कळलं. ती काही ओरडली नाही. तिने हातातला गठ्ठा बाजूला ठेवला, दाभण सुताच्या रिळात खोचलं आणि म्हणाली, "एक आकडा चुकवायचा होतात. एक. तारखेत सातच्या जागी आठ. कुणाला कळलं असतं?"

"मला," दाजी म्हणाले.

"त्या खाली आल्या की वरची जागा रिकामी पडेल," मी म्हणालो. "तीच मागा ना."

"त्या देते म्हणाल्या नाहीत. जे कुणी म्हटलेलं नाही ते मी टाइप करत नाही, आणि मागतही नाही. नोटीस देणाऱ्याच्या दारात उपकार मागायला उभं राहायचं?" दाजींनी मशीनवर कापड टाकलं. "त्यांचा गुडघा खरा आहे. कारण खरं आहे. कागद खरा आहे. आता मी काय करू?"

मला त्या माणसाचा इतका राग आला होता की मी चहा न पिताच उठलो. अर्ध्या वाटेत आठवलं की माझी छत्री तिथेच राहिली, पण रागात परत जाणं शोभलं नसतं.

आठवडाभर काही झालं नाही. ताईला आशा वाटू लागली, आणि आशा वाटतेय याची लाजही वाटू लागली. फायली शिवता शिवता ती मध्येच थांबून जिन्याकडे कान द्यायची. शुक्रवारी संध्याकाळी जिन्यावर नाही, अंगणात चाहूल लागली. टोपली खाली आली होती. आत नोटीस, सही केलेली, नीट घडी घातलेली, वर वजन म्हणून एक लिंबू.

दाजी अंगणात येऊन वर पाहत उभे राहिले. "बाई, ही चालत नाही. टोपली म्हणजे तुमचा हात नव्हे."

"दोरी माझ्या हातात आहे," वरून आवाज आला.

दाजींनी त्यावर खरोखर विचार केला. दोन मिनिटं ते दोरीकडे बघत होते. "दारात उभं राहून, असं आहे कलमात," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही खिडकीत आहात." त्यांनी नोटीस पुन्हा टोपलीत ठेवली. लिंबूही ठेवलं. टोपली सावकाश वर गेली आणि प्रत्येक मजल्याला थोड्या थोड्या गिरक्या घेत राहिली.

शनिवारी कोर्ट अर्धा दिवस असतं. दाजींसोबत मीही आलो. छत्री न्यायची होती असं मी ताईला सांगितलं. दोनच्या सुमाराला वर दार वाजलं आणि मग जिन्यावर काठीचा आवाज आला. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पाय टेकल्याचा आवाज, आणि पुन्हा ठक.

दाजींनी बाहेरच्या खोलीत आपली टायपिंगची खुर्ची दारासमोर लावली, खिशात पेन अडकवलं आणि सोडतीच्या निकालाची वाट बघणाऱ्या माणसासारखे बसले. ताई आत. मी दारात उभा राहून बातम्या देत होतो. तीनला दहा मिनिटं असताना मालकीणबाई दुसऱ्या मजल्यावर पोचल्या. तिथे गोदामाच्या कुलपाला धरून त्यांनी दम खाल्ला. पहिल्या मजल्यावर दातवाल्याचे पेशंट सुजलेले गाल धरून कठड्याशी जमा झाले होते. एकाने मदतीला हात पुढे केला तर वरून आवाज आला, "आधी स्वतःचा दात बघा."

पावणेचारला आवाज थांबला. मी चढून पाहिलं. दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मधल्या वळणावर मालकीणबाई पायरीवर बसल्या होत्या. काठी आडवी पडली होती आणि नोटीस पदरात खोचलेली होती. अठरा पायऱ्या एका मजल्याच्या आणि नऊ पुढच्या. बरोबर निम्मा जिना. वर जायला सत्तावीस आणि खाली यायला सत्तावीस.

"बघताय काय?" त्या मला म्हणाल्या. "बसलेय जरा. हवा चांगली आहे इथे."

तिथे हवेचं नाव नव्हतं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

मी खाली येऊन सांगितलं. दाजी उठले, बसले, पुन्हा उठले. "भाडेकरूने मालकाला नोटीस पोचवायला मदत करणं नियमात बसतं का, हे बघायला हवं," ते म्हणाले. "नसेल बसत तर उद्या तीच नोटीस..."

"सव्वा तास आहे," मी म्हणालो. "तुम्ही नुसतं नियम बघत बसलात तरी पाच वाजतील." आणि खरं सांगतो, मला तेच व्हायला हवं होतं. सव्वा तास, आणि ताईला बारा वर्षं. त्या बाईला नंतर वर पोचवलं असतं, डॉक्टर आणला असता, मी स्वतः पळालो असतो. पाचनंतर.

ताई आतून आली. तिचे डोळे रडून लाल झालेले होते, पण आवाज चढलेला होता. "तुम्ही दोघं माणसं आहात की फायली? ती बाई तिथे जिन्यात मरेल. आणा तिला खाली. खुर्ची न्या."

"आणि नोटीस?" मी विचारलं.

"देऊ दे नोटीस." तिने खुर्चीवरची उशी काढून नीट बसवली. "तसं घर टिकवून मला त्या जिन्यासमोरून रोज जाता यायचं नाही."

खुर्ची घेऊन आम्ही चढलो. मालकीणबाईंनी आधी नकार दिला, मग अट घातली की दातवाल्याच्या पेशंटांनी आत जावं. पेशंट आत गेले आणि खिडकीतून बघू लागले. खाली उतरताना वजन खालच्या माणसावर येतं, म्हणून खाली मी. दाजी वरच्या बाजूला, कारण त्यांना वरून सूचना देता येतात. "सदरहू पाय डावीकडे. सदरहू कठडा सांभाळा." मालकीणबाई आमच्या दोघांच्या मधून माझ्या टकलाकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही टोपी का घालत नाही?" माझ्या तोंडात जे उत्तर आलं ते मी शेवटच्या पायरीवर सोडून दिलं, कारण तिथेच माझ्या पाठीत काहीतरी कट्कन वाजलं.

चार वाजून पन्नास मिनिटं. आम्ही खुर्ची दारापर्यंत आणून आत न्यायला निघालो तर दाजींनी अडवलं.

"बाहेरच ठेवा. दारात उभं राहून, असं आहे."

ते आत गेले आणि दार लावून घेतलं. मी भिंतीला पाठ लावून वाकडा उभा. मालकीणबाई काठीवर जोर देऊन उठल्या, चौकट धरली, पदरातून नोटीस काढली आणि कडी वाजवली. दाजींनी दार उघडलं. त्यांनी मालकीणबाईंकडे असं पाहिलं की जणू आठ दिवसांत भेट नाही.

"या," ते म्हणाले.

"ही तुमची नोटीस," मालकीणबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला.

दाजींनी ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. स्वतः टाइप केलेला कागद होता, पण त्यांनी तारीख बोटाने तपासली, सही तपासली, घड्याळ पाहिलं. मग खिशातलं पेन काढून खाली लिहिलं, मिळाली, चार वाजून त्रेपन्न मिनिटे, आणि सही केली. तीस वर्षांत त्यांची सही वाकडी झालेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी ती ओळीखाली घसरली. ते पान फाडून नवं घेता आलं नसतं. मला त्या माणसाचा राग येत होता, आणि त्याच वेळी त्याच्याजवळ जाऊन उभं राहावंसं वाटत होतं, आणि वर पाठ दुखत होती.

"आता आत बसा," ताई मालकीणबाईंना म्हणाली. "चहा ठेवलाय."

मालकीणबाई थेट अंगणात जाऊन बसल्या. ताईने त्यांना कप दिला. त्यांनी चप्पल काढून पाय फरशीवर टेकवला, ओल्या फरशीवर, नळाजवळ. "वर्ष झालं," त्या म्हणाल्या, "जमिनीला पाय लागला नव्हता." मग त्यांनी कुंड्यांकडे पाहिलं. "डास नाहीत फारसे."

सहा वाजता प्रश्न उभा राहिला. खाली आणणं जमलं, वर कसं न्यायचं? दाजी माझ्याकडे बघू लागले. मी भिंतीला चिकटलेला होतो आणि भिंत सोडली तर मी कोणत्या दिशेला पडेन हे मलाच माहीत नव्हतं. दातवाला आला, त्याने माझ्या पाठीला हात लावला आणि हा आपला विषय नाही म्हणून गेला.

"एका रात्रीचा प्रश्न आहे," ताई म्हणाली. "बाई इथे झोपतील. आम्ही वर जातो." तिने दोन उशा काखेत मारल्या. दाराशी पोचल्यावर ती मागे वळली. "नळ उलटा फिरतो हं. डावीकडे फिरवला की बंद."

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून टोपली खाली आली. दोरी ताईच्या हातात होती. दूधवाल्याने खाली दिलेलं दूध मालकीणबाईंनी टोपलीत ठेवलं, आणि टोपली वर गेली.

एका रात्रीचा प्रश्न मग दुसऱ्या रात्रीचा झाला, मग आठवड्याचा. माझी पाठ बरी होईना, आणि दाजी भाड्याची माणसं बोलवायचं नाव घेईनात. "ही व्यवस्था तात्पुरती आहे," असं ते रोज म्हणायचे आणि रोज चोपन्न पायऱ्या चढायचे. वकिलांचे कारकून गठ्ठे घेऊन यायचे आणि दारात मालकीणबाई भेटायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी एका कारकुनाला हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्याकडून गठ्ठा घेतला, किती पानं, कधी हवा, विचारलं आणि टोपलीत घातला. महिन्याभरात त्या कारकुनांना वेळ पाळायला शिकवू लागल्या. ताई म्हणते, फायली आता आधीपेक्षा जास्त येतात, कारण कारकून मालकीणबाईंना घाबरतात.

पण रात्री ताईला झोप लागत नव्हती, हे मला माहीत आहे. मुदत संपायचा दिवस जवळ येत होता. त्या दिवसानंतर ते कुणाच्या घरात राहत होते? खालचं घर नोटिशीने गेलं होतं आणि वरचं कुणी दिलं नव्हतं. दाजी मागणार नव्हते. त्यांनी शेवटच्या थांब्यापलीकडची एक खोली बघूनही ठेवली होती.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी वर बसलो होतो. खालून कुणीतरी दोरीला हिसका दिला. ताईने टोपली ओढून घेतली. आत चिठ्ठी होती: मशीन घेऊन खाली या.

मशीन या वेळी दाजींनीच उचललं. मालकीणबाई अंगणात बसल्या होत्या.

"करार लिहायचा आहे," त्या म्हणाल्या. "तिसरा मजला. भाडं होतं तेवढंच. मुदत बारा वर्षं."

"भाडेकरू?" दाजींनी कार्बन घालत विचारलं.

"तुम्ही किती प्रश्न विचारता हो."

ताई माझ्या मागे उभी होती. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की खूण दोन दिवस राहिली. दाजी टाइप करत होते. एकदा त्यांचं बोट चुकलं, आणि त्यांनी अख्खं पान फाडलं, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. मालकीणबाई शांतपणे थांबल्या.

त्या घाईतल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा लावून करार पहिल्यापासून वाचला. तेरा कलमं झाली. चौदाव्यावर त्या थांबल्या, आणि पुन्हा वाचलं, ओठ हलवत. घर सोडण्याची नोटीस देण्यासाठी मालकाने स्वतः यावे, भाडेकरूच्या दारात उभे राहावे आणि स्वतःच्या हाताने द्यावी.

"हे कलम काढता येतं," दाजी हळूच म्हणाले. "सदरहू दार आता तिसऱ्या मजल्यावर आहे. तुम्ही सांगा, मी पान बदलतो."

मालकीणबाईंनी जिन्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तुमची पाठ बरी झाली का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"नकोच होऊ दे," त्या म्हणाल्या, आणि दाजींच्या खिशातलं पेन काढून घेऊन सही केली.